व्हर्लिन डोंगर का चढला

स्टिलहाऊस, केंटकी
२६ ऑक्टोबर १९९८

प्रिय ट्रेसा,

तुझा पत्ता तुझ्या मावशीकडून मागून घेतला. देताना तिनं तोंड वाकडं केलं, पण दिला.

तुझ्या वडिलांना मंगळवारी तुझ्या आईच्या शेजारी मातीत ठेवलं. चर्चचे ब्रदर क्लेटस थोडकंच बोलले आणि बरं बोलले. माणसं पुष्कळ आली. खाणीतले जुने सगळे होते, ज्यांना उभं राहता येतं ते उभे होते, बाकीचे गाड्यांत बसून होते. बायकांनी एवढं तळलेलं चिकन आणलं, की अजून आमच्या फ्रिजमध्ये आहे.

मावशी म्हणाली, कसं झालं ते तू फोनवर विचारत होतीस. ती तिथे नव्हती, मी जवळपास होतो, म्हणून मी लिहितो. ते घरामागच्या उतारावर चुलीसाठी काटक्या गोळा करत होते. डॉक्टरांनी नको म्हटलेलं काम करायची त्यांना हौसच होती, तुला माहीत आहे. दम लागला, खाली बसले, आणि छातीनं साथ सोडली. मी त्यांच्याजवळ होतो. फार त्रास झाला नाही. शेवटी त्यांनी तुझं नाव घेतलं.

घराला कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडे आहे. कोंबड्या माझ्या बायकोनं, नेओमानं, आमच्याकडे आणल्यात. अक्षर वाकडं आलंय, कारण पायाला थोडं लागलंय आणि पलंगावर बसून लिहितोय.

तू आली नाहीस म्हणून माझ्यासमोर कुणी काही बोललं नाही.

तुझा,
ऑटिस रॅटलिफ


१५ नोव्हेंबर

प्रिय ट्रेसा,

तुझं पत्र मिळालं. इतकं लहान पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. प्रेताची तयारी करणाऱ्या माणसानं तुला फोनवर सांगितलं की व्हर्लिनच्या नखांत रक्त होतं आणि त्यानं ते साफ केलं. ते कुणाचं, असं तू विचारतेस. घरात भिंतीवर फोन असताना दम लागल्यावर वडिलांनी तो उचलला का नाही, असंही विचारतेस. आणि माझ्या पायाला काय झालं? नेओमानं वाचलं आणि म्हणाली, ‘पोरगी बापावरच गेलीय.’

रक्त हरणाचं होतं.

यापुढे मी ‘व्हर्लिन’ असंच लिहितो. ‘तुझे वडील’ लिहिलं की कुणा परक्या माणसाबद्दल लिहितोय असं वाटतं. खाणीत आम्ही एकाच पाळीला होतो. तो माझ्यापेक्षा मोठा होता, पण अरेतुरे करायला त्यानंच लावलं होतं.

त्या दिवशी मी शिकारीला गेलो होतो. एकटा. धनुष्य घेऊन जाणारा माणूस एकटाच जातो, दुसरा आला की पायांचे आवाज दुप्पट होतात. धनुष्य व्हर्लिननंच केलेलं होतं, हिकरीच्या लाकडाचं. कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं कामातून जाण्याआधी त्यानं केलेलं शेवटचं. आता सगळे चाकं आणि तारा लावलेली धनुष्यं आणतात. व्हर्लिन त्यांना ‘शिलाई मशीन’ म्हणायचा. मला म्हणायचा, ‘ऑटिस, हरणाच्या इतकं जवळ जा की त्याचा श्वास तुला दिसला पाहिजे. तिथून सोडता येत नसेल तर घरी जा.’

अंधार फिटता फिटता मी डोंगराच्या सोंडेवर चढलो. तो चढ तू विसरली नसशील. एका हातानं झाड धरायचं, पाय रोवायचा, मग दुसरं झाड. रात्रीच्या गारठ्यानं पानं ओली होती, त्यामुळे पायांचा आवाज होत नव्हता, पण पाय टिकतही नव्हता. वर ओकची फळं टपटप पडत होती. यंदा फळ भरपूर आलंय आणि हरणं दिवसा उजेडीसुद्धा त्यासाठी बाहेर येतात. वारा खालून वर येत होता, म्हणून मी हरणांच्या वाटेच्या वरच्या बाजूला एका पडलेल्या खोडाआड बसलो.

आधी दोन माद्या येऊन गेल्या. मी हललो नाही. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग तो आला. जाड मानेचा नर, शिंगांचं एक टोक मोडलेलं. डोकं खाली घालून फळं खात माझ्याकडे येत होता. श्वास दिसत होता, ट्रेसा. नाकपुड्यांतून वाफ निघत होती. मी दोरी ओढली आणि सोडली.

त्याच क्षणी त्यानं पाऊल टाकलं. एकच पाऊल. छातीत जायचा बाण मागे बसला, पोटात. आवाजावरूनच कळलं मला.

पोटात बाण लागला की थांबायचं असतं. तासन्‌तास थांबायचं, म्हणजे जनावर जवळच कुठेतरी बसतं आणि तिथेच संपतं. मी थांबलो, पण पुरेसा नाही. त्याला तसं टाकून बसवेना. मागावर निघालो. रक्त थोडं होतं आणि काळपट होतं. माग सोंडेचा माथा सोडून सरळ खाली, लॉरेलच्या झुडपांच्या जाळ्यांकडे गेलेला. ती जाळी म्हणजे माणसानं चार पायांवर जायची जागा. कडेला पोचलो तर आत काहीतरी हललं. मी दोरीला दुसरा बाण लावला आणि तसाच पुढे सरकलो.

लावलेला बाण घेऊन चालायचं नसतं, हे मला व्हर्लिननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाय सटकला. मी पडलो, घसरलो, झाडावर आपटलो, आणि थांबलो तेव्हा बाणाचं पातं माझ्या मांडीत होतं. आरपार नाही, पण आत. ती पाती मी स्वतः घासतो. वस्तऱ्यासारखी.

पट्टा काढून वर आवळून बांधला. उभा राहिलो की डोळ्यांपुढे काळोख यायचा. मग पडून हाका मारत राहिलो. व्हर्लिनला माझी वाट माहीत होती. शिकारीवरून येताना मी रोज त्याच्या ओसरीवर थांबायचो. मी आलो नाही आणि हाक ऐकू आली, म्हणून तो वर आला. मला खाली आणताना त्याचा दम संपला. उतारावरच, घराच्या वर.

काटक्यांचं मी लिहिलं ते खोटं होतं. तो माझ्यासाठी वर चढला, हे तुला लिहिताना हात धजावला नाही. फोनचं म्हणशील, तर घाईत राहून गेला असेल.

ऑटिस


६ डिसेंबर

ट्रेसा,

तू मागचं पत्र मलाच परत पाठवलंस. ‘घाईत राहून गेला असेल’ याच्याखाली रेघ मारून. बाजूला लिहिलंस, ‘वडिलांना मी आयुष्यात एकदाही घाईत बघितलं नाही.’

खरं आहे. मीही नाही.

आता सगळं लिहितो. नेओमा पलीकडे बसून विणतेय. तिनं मला सांगितलंय, ‘या वेळी पत्र मी वाचणार नाही, कारण या वेळी तू खोटं लिहिणार नाहीस.’

मी ज्या सोंडेवर होतो ती आता खाण कंपनीची आहे. तू गेलीस तेव्हा सगळे तिथे जायचे, आता पाट्या आहेत, पहारेकरी आहे. मागच्या वर्षी मला तिथे पकडलं होतं. जज म्हणाला, पुन्हा दिसलास तर तुरुंग. आणि तुरुंगात गेलेल्या माणसाला शाळेची बस चालवू देत नाहीत. खाण बंद झाल्यावर तेवढी एक नोकरी होती मला. तरी मी गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. माझ्या आज्यापासून आम्ही तिथेच जातो, एवढंच.

व्हर्लिनला हे सगळं माहीत होतं. त्यानं माझी हाक ऐकली, फोनकडे बघितलं असेल, आणि फोन न उचलता नाकातली नळी काढून खुर्चीवर ठेवली. नंतर लोक घरात गेले तेव्हा ऑक्सिजनचं यंत्र चालूच होतं. फुसफुसत होतं, रिकाम्या खुर्चीपाशी.

दुपार झाली असावी. खालून आवाज आला.

“मेलास का रे?”

“अजून नाही.”

“मग माणसासारखा ओरड ना. मला वाटलं कुणाचा बोकड अडकलाय.”

तो एकेक झाड धरत वर आला. प्रत्येक झाडापाशी उभा राहून श्वास गोळा करायचा, मग पुढचं झाड. माझ्याजवळ आला आणि बसला, तेव्हा बराच वेळ त्याला बोलताच येईना. ओठ निळे पडले होते.

“नळी कुठाय तुझी?” मी म्हटलं.

“घरी. तिला चढ झेपत नाही.”

“फोन केलास कुणाला?”

“केला असता तर आत्ता तुझ्या शेजारी कंपनीचा पहारेकरी बसला असता. म्हटलं आधी बघावं, मेलायस की नुसता लोळतोयस. मेला असतास तर फोनची घाई नव्हतीच.”

मग त्यानं माझी मांडी बघितली. हसणं थांबलं.

“बाण लावून चालत होतास.”

“हो.”

“बसमधल्या पोरांना सांगतोस ना, धावू नका म्हणून?”

“सांगतो.”

“बरं,” तो म्हणाला. त्या ‘बरं’पेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बाणाची काडी त्यानं पात्याजवळ कापली. पातं आतच राहू दे म्हणाला, ओढलं तर सगळं रक्त बाहेर येईल. सदरा फाडून वरून गच्च बांधला. मग आम्ही निघालो. तो पुढे, माझे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. त्याची पाठ माझ्या तळव्यांखाली लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. मी म्हटलं, व्हर्लिन, बस, आता फोन करायला तू एकटाच खाली जा. तो म्हणाला, “एकदा खाली गेलो तर पुन्हा वर यायचो नाही मी. आत्ता चाललोय तोवर चल.” हे मी तेव्हा नीट ऐकलं नाही. मला स्वतःचा पाय दिसत होता आणि खालचा रस्ता दिसत होता.

उतारात एक सपाट टप्पा आहे, जुन्या बीचच्या झाडाखाली. तिथे तो बसला आणि उठला नाही.

“तू जा,” म्हणाला. “बुडावर घसरत जा, पोरं जातात तसा.”

“आणि तू?”

“मी कुठे पळून जातोय?”

मी थांबायला हवं होतं की जायला, हा हिशेब मी रोज मांडतो. थांबलो असतो तर कदाचित दोघंही तिथेच संपलो असतो. पण मला राहायचं नव्हतं, हेही लिहून टाकतो. मला तिथून निघायचं होतं. त्याचा श्वास ऐकवत नव्हता.

तो म्हणाला, “डावीकडून जा. उजवीकडे दगड सुटे आहेत.” त्याचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते.

थोडं खाली गेल्यावर मी मागे वळून बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मान वर करून जाळीच्या दिशेनं कान देऊन होता. मला काही ऐकू आलं नाही, माझे कान वाजत होते.

रस्त्यावर आपल्या चर्चच्या हर्शेल टॅकेटची गाडी मिळाली. त्यानं मला गाडीत मागे आडवं केलं, स्वतःच्या भावांना बोलावलं, ते वर गेले. व्हर्लिन बीचखाली नव्हता. पानांत ओढल्याची खूण होती, हातांवर आणि गुडघ्यांवर गेल्याची. ती खाली येत नव्हती. वर गेली होती, जाळीकडे.

हरीण जाळीच्या तोंडाशी होतं. माझा बाण पोटात घेऊन ते सकाळपासून जिवंत होतं, ट्रेसा. तेच व्हर्लिनला ऐकू आलं होतं. त्यानं त्याचा गळा कापला होता, एका घावात, साफ. मग सुरी पुसून, मिटून खिशात ठेवली होती. हर्शेल म्हणाला, जनावर अजून ऊन होतं. व्हर्लिन त्याला पाठ टेकून कुशीवर पडला होता.

बीचखाली नुसता बसून राहिला असता, तर माणसं पोचेपर्यंत टिकलाही असता कदाचित. डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही.

नंतरचं असं, की हर्शेलनं आणि भावांनी त्याला खाली आणलं आणि त्याच्या घरामागच्या उतारावर ठेवलं, त्याच्या स्वतःच्या जमिनीत. मग फोन केला. मी लाकडं तोडताना पडलो असं सांगितलं. माझ्यासाठी केलं त्यांनी. मी गाडीत होतो, शुद्धीत होतो, आणि नको म्हटलं नाही. हरीण तिथेच राहिलं आणि कोल्ह्यांनी खाल्लं. मांस वाया गेलेलं व्हर्लिनला अजिबात चाललं नसतं.

आणि एक. त्यानं तुझं नाव घेतलं नाही. मी ते रचलं. मी तिथे नव्हतोच.

खाणीच्या संपात तुझा डेल संप मोडून कंपनीचा ट्रक घेऊन आम्हा संपकऱ्यांच्या रांगेतून गेला आणि तू त्याच्या शेजारी बसली होतीस, त्या दिवसानंतर त्यानं माझ्यासमोर तुझं नाव कधीच काढलं नाही. मी तेव्हा त्याच्या शेजारी उभा होतो. त्याचा चेहरा बघितला होता. एकदाच, दुकानात, कुणीतरी डेलला शिवी दिली, तसा व्हर्लिन उठला आणि घेतलेलं सामान तिथेच टाकून निघून गेला. त्याचा अर्थ काय, मला माहीत नाही. तूच ठरव. मी आता तुझ्यासाठी अर्थ रचत बसणार नाही.

ऑटिस


२१ फेब्रुवारी १९९९

प्रिय ट्रेसा,

इतके दिवस उत्तर आलं नाही, तेव्हा वाटलं आता येणारच नाही. मी तुला दोष दिला नसता.

नाताळ झाल्यावर मी शेरिफकडे गेलो आणि सगळं सांगितलं. हर्शेलचं नाव घेतलं नाही, पण मेलेला माणूस आपणहून खाली चालत येत नाही, एवढं शेरिफला कळतं. हर्शेलला दंड झाला. तो माझ्याशी बोलत नाही. चर्चमध्ये माझ्या बाकाच्या मागे बसायचा, आता पलीकडे बसतो. नेओमा मला म्हणते, ‘त्यानं तुझा जीव वाचवला आणि तू त्याला हे फळ दिलंस.’ ती असं म्हणते आणि तरी माझ्या पायाला रोज तेल लावते.

जजनं मला तुरुंगात घातलं नाही. पाय बघितला, कागद बघितले, म्हणाला, ‘तुझ्या वाट्याला आलंय ते पुरेसं आहे.’ बस मात्र गेली. आता त्या रस्त्यानं दुसरा माणूस जातो. वळणावर जास्त वेग घेतो, मी खिडकीतून बघतो. दाखल्यावर आता व्हर्लिनच्या मरणाची जागा बरोबर लिहिली आहे. तुला प्रत पाठवतोय. ‘सोंडेवर, लॉरेलच्या कडेला.’ कारकुनानं विचारलं, एवढ्याशा बदलासाठी कशाला धडपड? मी म्हटलं, त्याला तिथे पोचायला फार कष्ट पडले होते.

धनुष्य मी चुलीत घालायला काढलं होतं. घातलं नाही. ते त्यानं केलेलं आहे, जाळायचं की ठेवायचं हे तूच ठरव. मी आता शिकार करणार नाही. पण हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, त्या चढावर हा पाय मला नेणारच नाही.

तू लिहितेस की मार्चमध्ये येतेस आणि ती जागा तुला बघायची आहे. पानं फुटायच्या आत ये, नंतर जाळीत काही दिसत नाही. कंपनीच्या ऑफिसात मी विचारून ठेवलंय. एक दिवस चालेल म्हणाले, पहारेकरी खाली थांबेल. बीचपर्यंत मी कसाबसा येईन. त्याच्या वर मला जमणार नाही.

डेल गाडी चालवत येईल पण पुलापाशी गाडीतच बसून राहील, असं तू लिहिलंस. त्यावर मी बरेच दिवस विचार केला. मी त्याच्याशी हात मिळवीन असं वचन देत नाही. संपाच्या त्या दिवशी माझ्या मुठीत दगड होता आणि व्हर्लिननं माझं मनगट धरलं नसतं तर मी तो काचेवर मारला असता, तुझ्या बाजूच्या. हे तुला कधी कुणी सांगितलं नसेल. त्यानं मनगट धरलं आणि ट्रक निघून जाईपर्यंत सोडलं नाही. मग सरळ घरी गेला. हे मात्र मी रचलेलं नाही.

बीचच्या वरचा चढ भयंकर आहे आणि तू इतकी वर्षं सपाट गावात राहतेस. तिथे एकट्यानं जायचं नाही. कुणीही, कधीही. डेलला गाडीतून उतरायला सांग. आणि चांगले बूट घालून ये म्हणावं.

ऑटिस